गाद्या विकून घेतलेला आरसा

वस्तूंची हौस मला उपजतच होती, हे आधीच सांगून टाकते. माहेरी त्या हौसेला जागा नव्हती, एवढंच. रिद्धपुराजवळच्या एका लहान गावात आमचं शेत होतं आणि घराणं महानुभाव पंथाचं. वडील सकाळ-संध्याकाळ पोथी वाचत. मुलीच्या जातीला अक्षर कशाला, असं न म्हणता त्यांनी मलाही शेजारी बसवून वाचायला आणि लिहायला शिकवलं. आज हे लिहिते आहे ते त्यांच्या पुण्याईनं. पण घरात जितकी माणसं तितक्याच थाळ्या, वर एखादा तांब्या, असा संसार. माझी आत्या लहानपणीच विधवा झाली आणि पुढं तिनं संन्यास घेतला. ती रिद्धपुरातच मठात राही. तिच्याजवळ एक झोळी, भिक्षेचं एक पात्र आणि अंगावरचं काळसर वस्त्र. सात-आठ वर्षांची असताना मी तिला विचारलं होतं, "आत्या, तुह्यापाशी काहीच नाई. तुले कसंसं नाई वाटत?"

ती म्हणाली, "झोळी हाये ना वं. तेच कवाकवा जड होते."

मला दिलं ते दूर, तेल्हाऱ्याकडच्या गावात. निघताना आईनं एक रजई बांधून दिली. आमच्याच शेतातली रुई तिनं स्वतः निवडली होती, पिंजाऱ्याकडून पिंजून घेतली होती आणि आठ-दहा दुपारी बसून टाके घातले होते. "तिकडं पुसात लय थंडी पडते म्हनतात," एवढंच ती म्हणाली आणि आत गेली. मला तेव्हा त्या रजईपेक्षा सासरकडून आलेल्या पाटल्यांचं कौतुक जास्त होतं.

सासरी माणसं मोजकीच होती. धनी, सासूबाई आणि मी. सासरे लग्नाआधीच वारले होते. जमीन काळीभोर, ओल धरून ठेवणारी. सासूबाई बोलायला फटकळ. पण पहिल्या बाळंतपणात त्यांनी मला बारा दिवस हात पाण्यात घालू दिला नाही, म्हणून त्यांचं बोलणं मला कधी लागलं नाही.

लग्नाला दोन-तीन वर्षं झाली असतील, तेव्हा कापसाचा भाव चढू लागला. साता समुद्रापलीकडे कुठं तरी लढाई लागली आहे, तिकडचा कापूस अडला आहे आणि आता साहेबलोकांना आपल्या वऱ्हाडाचाच कापूस पाहिजे, असं व्यापारी सांगत. लढाई कोणाची, कोणाशी, हे आम्हाला कोणी सांगितलं नाही आणि आम्हीही विचारलं नाही. त्या लढाईत घरंच्या घरं उजाड झाली, हे फार वर्षांनी माझ्या मुलानं पुस्तकातून वाचून दाखवलं तेव्हा कळलं. त्या वेळी आम्हाला एवढंच दिसत होतं, की धनी कापसाच्या गाड्या घेऊन अमरावतीला जात आणि परत येताना गाडी रिकामी नसे.

पहिल्या खेपेला तांब्या-पितळेची भांडी आली. मग बैलांना चांदीच्या घुंगरमाळा, धन्यांना जरीचा फेटा आणि छत्री. मग एक घड्याळ. घड्याळ पाहता येणारं गावात कोणी नव्हतं. धनी रोज सकाळी आंघोळ झाली, की देवाला फूल वाहावं तशी त्याला किल्ली देत. लोक ओसरीवर येऊन विचारत, "किती वाजले, पाटील?" धनी आधी उन्हाकडे पाहत, मग घड्याळाकडे पाहत आणि मग सांगत.

दर खेपेला मी काही तरी सांगायची. पोलक्याला रेशमी खण, काचेची हंडी, अत्तरदाणी. वस्तू येईपर्यंत मला झोप नसे. आली, की आठ दिवस तिला पुसत राही. नवव्या दिवशी तिची जागा ठरून जाई आणि मन पुढच्या खेपेकडे लागे. मला याची लाज वाटत नव्हती. सगळं गावच तसं वागत होतं. कोणी दारावर पितळी फुलं ठोकली, कोणी गाडीच्या चाकाला चांदीची पट्टी बसवली. ती पट्टी पाहायला आम्ही बायका मुद्दाम फेरा घालून पाण्याला जात होतो.

एकदा सासरचा नवस फेडायला आम्ही सगळे अमरावतीला अंबादेवीच्या दर्शनाला गेलो. परत येताना धनी एका व्यापाऱ्याच्या दुकानात शिरले आणि मी त्यांच्या मागोमाग. तिथं भिंतीला टेकवून एक आरसा उभा होता. कोरीव लाकडाची चौकट आणि काच माझ्या छातीपर्यंत येईल एवढी उंच. त्याआधी मी माझं तोंड तळहाताएवढ्या आरशात तुकड्यातुकड्यानं पाहिलेलं. कुंकू लावताना कपाळ, नथ घालताना नाक. सगळी मी एकदम कधी दिसलेच नव्हते. मी दोन पावलं मागं सरले, पुन्हा पुढं आले. चालताना माझी मान डावीकडे कलते, अगदी माझ्या वडिलांसारखी, हे मला त्या दिवशी कळलं.

धन्यांनी ओळखलं. "पाह्यजे काय?"

मी मान हलवली.

"पुढच्या खेपेले पाहू," ते म्हणाले.

पण पुढच्या खेपेला वेळ होता. त्या सालचा कापूस विकून झाला होता आणि आलेला पैसा घुंगरमाळांत आणि घड्याळात गेला होता. श्रावणात एक दलाल गावात आला. घरोघरी फिरून म्हणाला, "जुना, मळका, गादीतला, कसाही चालते. काढा." भाव इतका चढलेला, की गाद्यांतल्या कापसालाही गिऱ्हाईक होतं. शेजारच्या घरी त्यानं पोतं भरलं आणि मग आमच्या ओसरीवर येऊन बसला.

धनी आत आले आणि हळूच म्हणाले, "तुह्या आरशाचं जमते पाय."

मीच चाकू आणला. आधी आमची गादी उसवली, मग पाहुण्यांच्या गाद्या. सासूबाई दारात उभ्या राहून पाहत होत्या. म्हणाल्या, "माही बी घ्या. म्हातारीले काय, भुईच जवळची." त्यांचं बोलणं नेहमीचंच, असं मानून मी त्यांचीही उसवली. शेवटी आईनं दिलेली रजई राहिली. आईचे टाके बारीक आणि जवळजवळ होते. उसवायला फार वेळ लागला. तेवढ्या वेळात मला थांबता आलं असतं. मी थांबले नाही.

पोळा झाल्यावर धनी अमरावतीला गेले आणि आरसा घेऊन आले. कडब्याच्या पेंढ्यांत बांधून, गाडी पावलापावलानं हाकत. हसत सांगत होते, "म्या म्हनलं, कापसात बांधून द्या, फुटन. तर दुकानदार म्हनते कसा, पाटील, कापूस आरशाहून महाग हाये!"

तो आम्ही माजघरात उजेडासमोर उभा केला. पहिले काही दिवस मी कामं टाकून त्याच्यासमोर जायची. मग एक भीती मनात शिरली. कोणाचा हात लागेल, पोरं खेळताना दगड येईल, काचेवर डाग पडतील. माझ्याजवळ गावच्या कोष्ट्यानं विणलेली एक जाड चादर होती. ती मी आरशावर टाकली. पाहायचं असेल तेव्हा उचलायची, पुन्हा टाकायची.

बायका पाहायला येत. मी त्यांना उंबऱ्याच्या आत येऊ देत नव्हते. एके दिवशी त्याच कोष्ट्याची बायको आली. तिचा नवरा चांगला विणकर. माझं लग्नातलं लुगडंही त्याच्याच मागावरचं. पण गेली दोन-अडीच वर्षं त्याचा माग थंड होता. सगळा कापूस गावाबाहेर जायचा, सुताला रुई मिळायची नाही. तिचं स्वतःचं लुगडं तीन जागी जोडलेलं होतं. ती पुढं सरकली तशी मी म्हटलं, "लांबून पाय वं. हात नको लावू."

ती जिथं होती तिथंच थांबली. "मोठा हाये," म्हणाली आणि निघून गेली. मी चादर सारखी केली.

नवा कापूस घरात आला तेव्हा सासूबाई म्हणाल्या, "आधी गाद्या भरा, मंग गाड्या भरा." धनी म्हणाले, "माय, या भावात कापूस अंगाखाली घेऊन निजावं काय?" आणि गाड्या गेल्या. अर्धा कापूस मात्र त्यांनी मागं ठेवला, घरात वापरायला नव्हे, तर भाव आणखी चढेल या आशेनं. तो कोठीत बंद झाला.

पुसात थंडी पडली. आम्ही जमिनीवर विकतच्या सतरंज्या टाकून निजत होतो. पातळ, रंगीत, देखण्या. खालून गारवा हाडांत शिरे. सासूबाईंचे गुडघे धरले. रात्री त्या कण्हल्या नाहीत, पण सकाळी चुलीपाशी शेकत बसल्या असताना मला म्हणाल्या, "सूनबाई, एक सांग. आरसा पांघरता येते काय?"

कोठीत कापूस होता, कुलपात. मी धन्यांना विचारलं. "महिनाभर थांब," ते म्हणाले. त्यांचाही घसा बसलेला होता.

त्याच आठवड्यात आत्या आली.

ती इतर संन्यासिनींबरोबर गावोगाव भिक्षा मागत फिरत होती. बाकीच्या गावाबाहेरच्या देवळात उतरल्या आणि ती एकटी आमच्या दारी आली. संन्यास घेतलेल्या माणसाला नातं नसतं. तिनं मला भाची म्हणून हाक मारली नाही, दारातूनच "दंडवत" म्हणाली. मी पाया पडले आणि माझ्या डोळ्यांतून पाणी आलं. ती फार वाळली होती. पायांना भेगा पडलेल्या. अंगावर एक वस्त्र, तेही विटलेलं.

मी तिला आत नेलं, भाकरी-पिठलं वाढलं. तिनं सगळं एकत्र कालवून खाल्लं. मग तिची नजर माजघरात गेली.

"ते काय झाकून ठेवलं?"

"आरसा हाये, आत्या."

"त्याले थंडी वाजून राह्यली काय?"

ती हे अगदी सहज म्हणाली. टोमणा मारायची तिला सवयच नव्हती. पण चुलीपाशी बसलेल्या सासूबाई एवढ्या मोठ्यानं हसल्या, की त्यांना ठसका लागला. मीही हसले, आणि हसता हसता शरमले. मी उठून चादर काढली.

आत्या आरशासमोर जाऊन उभी राहिली. मला वाटलं, ती तोंड फिरवेल. संन्यासिनीला आरशाचं काय! पण ती बराच वेळ पाहत राहिली. मग पुढं वाकली, काचेच्या अगदी जवळ गेली. हात उचलून तिनं स्वतःच्या गालाला लावला.

"हे तर माही माय हाये," ती म्हणाली.

मी तिच्याजवळ सरकले.

"मी पाच वर्साची होती, माय गेली तवा. तिचं तोंड आठोयेच ना मले. लय आठोत बसो, पन काहीच ये ना. आता पाय, हे नाक, हे हनवटी. सारी मायच हाये. माह्यातच बसून होती न् मले ठावकंच नाई."

ती रडली नाही. उलट तिच्या तोंडावर असं काही हसू आलं, की मी ते माहेरीही कधी पाहिलं नव्हतं. सासूबाई भिंतीला धरून उठल्या आणि तिच्या शेजारी येऊन उभ्या राहिल्या. दोघी म्हाताऱ्या त्या आरशात पाहत होत्या. सासूबाई म्हणाल्या, "माह्या तोंडात तर मले माहा भाऊ दिसून राह्यला, मिशीसकट." दोघी खूप हसल्या.

निघताना मी आत्याला काय देऊ, ते विचारलं. तिनं झोळी पुढं केली, "मूठभर पीठ दे." मी पीठ घातलं. मग चादर तिच्या अंगावर टाकली. ती नको म्हणू लागली. "जड होईन मले." मी म्हटलं, "आत्या, आरशाले थंडी नाई वाजत. तुले वाजते." तिनं माझ्याकडे पाहिलं, चादर नीट गुंडाळून घेतली आणि मला म्हणाली, "चांगला हाये वं तुहा आरसा. लय चांगली वस्तू घेतली तू. साऱ्यायले पाहू दे."

कोणी मला उपदेश केला असता, तर मी मनातून हट्टाला पेटले असते. आत्यानं माझ्या वस्तूला चांगलं म्हटलं, म्हणूनच मी विरघळले, असं मला आज वाटतं.

दुसऱ्या दिवशी मी कोष्ट्याच्या घरी गेले. त्याची बायको अंगण झाडत होती. मी म्हटलं, "संक्रांतीच्या हळदीकुंकवाले ये. आरसा पाहू."

ती झाडतच राहिली. "पाह्यला ना मी. लांबून."

"चुकलं माह्यं."

"बाई, मी काय पाहू आरशात? लुगड्याचे जोड पाहू?"

मी तिथंच तिच्या अंगणात बसले. आपल्या दाराशी आलेल्या बाईला मी काय म्हटलं होतं ते आठवून जीव लहान झाला. शेवटी तीच झाडू ठेवून माझ्याजवळ बसली आणि म्हणाली, "येईन. पन तुमचा पाटील आधी कापूस देईन तर बरं. माहा नवरा रिकामा बसून खंगून राह्यला."

त्या दिवशी मी घरी येऊन धन्यांशी पहिल्यांदा भांडले. सासूबाई माझ्या बाजूनं बोलल्या. धन्यांनी घसा खाकरत कोठीचं कुलूप काढलं आणि दोन टोपल्या कापूस दिला, फार नाही. हातानं फिरवायच्या लाकडी रेच्यावर सरकी वेगळी काढून आम्ही तो कोष्ट्याकडे पाठवला.

संक्रांतीला आमच्या माजघरात गावातल्या बायका मावत नव्हत्या. प्रत्येकीनं आरशात काही तरी वेगळंच पाहिलं. एकीनं दात पाहिले. एकीनं मागं वळून वेणी कशी दिसते ते पाहिलं. एक सात महिन्यांची गरोदर बाई आडवी उभी राहून पोट पाहत राहिली आणि मग लाजून पळाली. कोष्ट्याची बायको शेवटी आली. तिनं काचेला हात लावला, पाची बोटं टेकवून. मग माझ्याकडे वळून म्हणाली, "मी तर बरी दिसते वं!" आम्ही सगळ्या हसलो. तिची बोटं उमटली होती ती मी दोन दिवस पुसली नाहीत.

सासूबाई विधवा, म्हणून हळदीकुंकवात पुढं आल्या नाहीत. दुपारी सगळ्या गेल्यावर मी भांडी घासून आत आले, तर त्या आरशासमोर उभ्या. डोक्यावरचा पदर मागं सारून पांढरे केस हातानं नीट करत होत्या. मी आवाज न करता परत फिरले.

उन्हाळ्यात बातमी आली, की ती लांबची लढाई संपली. भाव पडला. थोडाथोडका नाही, आडात बादली सुटावी तसा. दलाल गावात दिसेनासे झाले. धन्यांचा मागं ठेवलेला कापूस कोठीत तसाच राहिला. पावसाळा गेला, तरी ते भाव वर येईल म्हणून वाट पाहत होते. घड्याळाला किल्ली द्यायचं त्यांनी सोडलं. ओसरीवर खांबाला टेकून बसत. एके सकाळी म्हणाले, "माय, सारं गेलं."

सासूबाईंनी विचारलं, "कोठीत कापूस हाये ना?"

"हाये. पन इचारते कोन?"

"मी इचारते," सासूबाई म्हणाल्या. "कुलूप काढ."

दसऱ्याआधी पिंजारी आला. तीन वर्षं त्यानं आमच्या गावाकडे पाऊल टाकलं नव्हतं. पिंजायला रुईच नव्हती कोणाकडे. अंगणात बसून त्यानं धुनकीची तार छेडली आणि तो टंऽकार ऐकून गल्लीतली पोरं धावत आली. त्यांतल्या लहानग्यांनी तो आवाज कधी ऐकलाच नव्हता. रुई उडत होती, तुळशीवर, कौलांवर, पिंजाऱ्याच्या दाढीत. सासूबाई मध्येच उठून मूठभर रुई घेऊन गालाला लावत. म्हातारा पिंजारी हसून म्हणाला, "अम्मा, बहुत दिन बाद मिली ना?"

"तीन साल," त्या म्हणाल्या.

आमची गादी भरली, पाहुण्यांच्या भरल्या, सासूबाईंची तर दुप्पट जाड भरली. कोष्ट्याच्या घरी रुई गेली. दुपारी आम्ही बायका सूत काढत बसू लागलो. त्याचा माग सुरू झाला, तो दिवसभर आमच्या घरापर्यंत ऐकू येई. त्या थंडीत धनी पहिल्यांदा गादीवर निजले ते सूर्य वर येईपर्यंत उठले नाहीत. मी त्यांना उठवलं नाही. दारात उभी राहून त्यांचं घोरणं ऐकत राहिले. भाव पडला त्याच वर्षी आम्ही उबेत निजलो, याचं मला आजही हसू येतं. गाव ज्याला वाईट साल म्हणतं, त्या सालाचे उपकार माझ्यावर फार आहेत.

चांदी हळूहळू गेली. घुंगरमाळांच्या बदल्यात एक चांगली गाय आली, हंड्या पाहुण्यारावळ्यांत वाटल्या गेल्या. आरशाला मात्र गिऱ्हाईक नव्हतं, आणि असतं तरी मी दिला नसता. गावात लग्न निघालं, की नवरीकडचे गाडी घेऊन येत आणि आरसा गाद्यांत बांधून नेत. हळद उतरली, की परत आणत. किती नवऱ्या मुलींनी त्यात आपलं पहिलं पूर्ण रूप पाहिलं असेल, ते मी मोजलं नाही. सासरी गेलेल्या मुली माहेरपणाला आल्या, की आधी आमच्या माजघरात डोकावून जात.

बऱ्याच वर्षांनी कोष्ट्याच्याच धाकट्या मुलीच्या लग्नात तो फुटला. मांडवाचा बांबू सरकला आणि सरळ काचेवर आला. कोष्ट्याची बायको संध्याकाळी माझ्याकडे आली तेव्हा तिच्या पदरात काचेचा एक तुकडा होता. मी विचारलं, "पोरीले लागलं काय?"

"नाई."

"तिनं पाह्यलं होतं ना आधी आरशात?"

"हाव. पाह्यलं. लय वेळ पाह्यलं."

"मंग झालं तर," मी म्हटलं. आणि खरंच, आतून काही तुटलं नाही. मलाच त्याचं नवल वाटलं. आपली एवढी जिवाची वस्तू गेली आणि मी जेवले, झोपले. फुटकी काच घरात ठेवू नये म्हणतात. गावाबाहेर बंजाऱ्यांचा तांडा उतरला होता. त्यांच्या बाया ते तुकडे ओंजळीनं मागून घेऊन गेल्या, ओढण्या-काचोळ्यांवर टाचायला. मला त्यांनी बदल्यात मेथीच्या वाळल्या भाजीची जुडी दिली. चौकट उरली, तिचा धन्यांनी पाळण्याला दांडा केला. तो सागाचा होता, अजून टिकून आहे.

आता सासूबाई नाहीत. आत्याही नाही. ती रिद्धपुरातच गेली. मठातली एक संन्यासिनी पुढं कधी तरी भेटली आणि म्हणाली, की आत्या शेवटपर्यंत सांगायची, "माह्या भाचीच्या घरी मले माही माय भेटली." भाची म्हणायची, हे ऐकून मला धन्य वाटलं.

मुलगा अमरावतीला शाळेत शिकवतो. आम्ही दोघं म्हातारा-म्हातारी थंडीचे दिवस त्याच्याकडे काढतो. पोथ्या वाचून आणि एवढं सगळं पाहून माझी हौस गेली असेल असं कोणाला वाटलं, तर तसं झालेलं नाही. मागल्या आठवड्यात बाजारात मला एक अडकित्ता दिसला, पोपटाच्या चोचीचा, पितळी. दोन दुकानं फिरून, घासाघीस करून मी तो घेतला. दात पडल्यामुळं मी सुपारी खात नाही. घरी येऊन धन्यांना दाखवला.

त्यांनी तो उघडून-मिटून पाहिला. "काहून घेतला वं?"

"आवडला म्हनून."

त्यांनी पुन्हा एकदा पोपटाची चोच उघडली, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "मंग चांगलं केलं. आन सुपारी, मी खातो."